वेबसाइट चढवली, पण फोल्डर गेलं कुठे?

आमच्या कुलवृत्तांताची वेबसाइट पहिल्यांदा सर्व्हरवर चढवली, त्या रात्री कऱ्हाडच्या काकांचा फोन आला. "बाकी सगळ्या शाखा दिसतायत रे, आमचीच तेवढी वगळलीस होय?" मी माझ्या संगणकावर उघडून पाहिलं. कऱ्हाड शाखा जागच्या जागी, आजोबांच्या फोटोसकट. काकांच्या फोनवर मात्र 'पान सापडत नाही'. फोल्डर पुन्हा चढवलं, फरक नाही. पुसून नव्याने चढवलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातून तीच तक्रार. पुणे, सातारा, इंदूर, बडोदा व्यवस्थित; नेमक्या दोनच शाखा गायब. त्या दोघींत काय समान आहे हे कळायला मला चार दिवस लागले, आणि तोवर काकांनी आत्यालाही फोन करून झाला होता.

त्या चार दिवसांतली मोठी चूक म्हणजे न बघता पुन्हा पुन्हा चढवत बसणं. फोल्डर एक तर घरूनच निघालेलं नसतं, किंवा वाटेत राहतं, भलत्याच ठिकाणी उतरतं. नाहीतर ते बिनबोभाट पोचलेलं असतं आणि तुमचं पान त्याला वेगळ्याच नावाने हाका मारत असतं. पुन्हा चढवण्याने यातलं फक्त 'वाटेत राहिलेलं' मिळतं. बाकीच्यांसाठी शोधावं लागतं, आणि शोधायचा क्रम ठरवून घेतला तर अर्ध्या तासाचं काम आहे.

एक सूचना: फाइलींची, फोल्डरांची आणि आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.

आधी हे जवळ घेऊन बसा

- होस्टिंगच्या (सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेच्या) सीपॅनलचं, म्हणजे ती जागा ब्राउझरमधून सांभाळायच्या पॅनलचं (किंवा जे पॅनल असेल त्याचं) लॉगिन.
- एफटीपीचे, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवायच्या पद्धतीचे, तपशील: होस्टचं नाव, युजरनेम, पासवर्ड, पोर्ट. साध्या एफटीपीला पोर्ट २१, एसएफटीपीला (त्याच कामाच्या सुरक्षित पद्धतीला) २२. होस्टिंग घेतल्यावर आलेल्या पहिल्या ईमेलमध्ये हे बहुतेक असतं. तो ईमेल पुसू नका.
- फाइलझिला, एफटीपीने फाइली चढवायचा प्रोग्राम. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं.
- गिटहब पेजेस (गिटहबवरची वेबसाइट ठेवायची फुकट सोय) वापरत असाल तर गिटहबचं खातं आणि संगणकावर गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन).
- दुसरा कोणताही फोन, वायफायवर नसलेला. 'माझ्याकडे तर दिसतंय' या भ्रमावर हाच उतारा.
- कागद-पेन. खरंच. पत्ते तंतोतंत उतरवून घ्यावे लागतात.

१. ब्राउझर नेमकं काय मागतोय ते वाचा

जिथे फोल्डरातली चित्रं दिसत नाहीत ते पान ब्राउझरमध्ये उघडा. एफ१२ दाबा, 'नेटवर्क' टॅबवर जा आणि पान पुन्हा लोड करा. एकेक फाइल यादीत उतरत जाईल. ज्या ओळी लाल, त्यांतल्या एकीवर टिचकी मारा. 'रिक्वेस्ट यूआरएल' असं लिहून पुढे पूर्ण पत्ता असतो. ब्राउझरने सर्व्हरकडे मागितलेला पत्ता तो हाच. तुम्हाला वाटतं तो नव्हे. कागदावर उतरवून घ्या, मोठी-छोटी अक्षरं, टिंबं, तिरक्या रेघा जशाच्या तशा.

मग आकडा पाहा. ४०४ म्हणजे सर्व्हर म्हणतोय, या नावाचं माझ्याकडे काही नाही. ४०३ म्हणजे 'आहे, पण देणार नाही'. नवख्यांना दोन्ही सारखेच वाटतात, पण ४०३ आला तर फोल्डर बहुधा पोचलेलं आहे. थेट आठव्या पायरीवर जा. (नुसत्या फोल्डरचा पत्ता टाकला आणि आत इंडेक्स.एचटीएमएल नसेल तरी बरेच सर्व्हर ४०३ देतात, तो दोष नाही. गिटहब पेजेसवर मात्र अशा वेळी ४०४ येतो, तेव्हा तिथे फोल्डरचा पत्ता टाकून काही सिद्ध होत नाही. आतल्या एखाद्या फाइलचा पत्ता टाका.)

पत्त्याची सुरुवात 'फाइल' आणि तीन तिरक्या रेघांनी होऊन पुढे सी किंवा डी ड्राइव्हचं नाव दिसलं, तर मामला सोपा आहे. पान अजून तुमच्या टेबलावरच्या संगणकातलं चित्र मागतंय. एचटीएमएलमधला तो पत्ता बदला आणि वेबसाइटच्या फोल्डरच्या हिशेबाने लिहा.

हे सगळं करण्यापूर्वी कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान ताजं करून घ्या. ब्राउझर जुनं पान साठवून ठेवतो आणि आपण तासभर कालच्या चुकीशी झगडत बसतो.

२. घरची मोजणी

फोल्डर तुमच्या संगणकावर खरंच वेबसाइटच्या फोल्डराच्या आत आहे ना? प्रश्न बाळबोध वाटेल, पण पानात चित्र डेस्कटॉपवरच्या वेगळ्याच फोल्डरातून जोडलेलं असणं ही रोजची गोष्ट आहे. तपासायची युक्ती अशी: वेबसाइटचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि दुसऱ्या संगणकावर उघडा. तिथेही चित्र गायब, तर दोष सर्व्हरचा नाही, घरचाच.

मग मोजा. विंडोजवर फोल्डरवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', तिथे किती फाइली आणि किती फोल्डर ते येतं. आकडे कागदावर. सगळी यादी हवी असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरात जाऊन 'ट्री' ही आज्ञा द्या. पुढे स्लॅश आणि एफ लावलं की फाइलींची नावंही येतात. सर्व्हरवर काय पोचलं हे ताडून बघायला हीच यादी लागते.

या पायरीवरचे तीन खड्डे:

वनड्राइव्ह. नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा आपसूक वनड्राइव्हवर जातात. फोल्डर दिसतं, पण नावाशेजारी निळा ढग असेल तर आतली फाइल संगणकावर नसते, नुसता तिचा मुखवटा असतो. चढवताना ती वेळेवर उतरली नाही तर अडकते. फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. त्याहून बरं म्हणजे वेबसाइटचं फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेरच ठेवा.

टिंबाने सुरू होणारी नावं. '.एचटीअॅक्सेस' ही फाइल किंवा '.वेल-नोन' हे फोल्डर मॅकवर दिसतच नाही, म्हणून 'सगळं निवडा' म्हटलं तरी मागे राहतं. फाइंडरमध्ये कमांड-शिफ्ट-टिंब दाबलं की अशा गोष्टी दिसू लागतात.

रिकामी फोल्डरं. यांच्याबद्दल गिटच्या पायरीत.

३. चुकीच्या स्टँडवर उतरवलं का?

एफटीपीने आत गेल्यावर समोर चार-पाच फोल्डरं दिसतात: मेल, लॉग्ज, कसली कसली. त्यांतलंच एक 'पब्लिक_एचटीएमएल'. जगाला जे दिसतं ते फक्त याच्या पोटातलं. नवखा माणूस आत शिरल्या शिरल्या फाइली सोडून देतो, म्हणजे पब्लिक_एचटीएमएलच्या शेजारी. पोचतात सगळ्या, दिसत एकही नाही. सीपॅनलवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नावाचंही एक दिसतं, ते वेगळं फोल्डर नसून पब्लिक_एचटीएमएलकडेच नेणारा दुवा असतो. दोन्हींत दोनदा चढवू नका. प्लेस्क पॅनल असेल तर याच जागेचं नाव 'एचटीटीपीडॉक्स' असतं.

इथला खरा चकवा वेगळा आहे. सीपॅनलमध्ये नवं एफटीपी खातं काढताना ते कुठल्या फोल्डरात उघडावं हा रकाना आपोआप भरून येतो, आणि त्यात खात्याच्या नावाचं एक जास्तीचं फोल्डर जोडलेलं असतं. आपण 'पुढे, पुढे' करत जातो. मग त्या खात्याने चढवलेलं सगळं त्या आतल्या कप्प्यात पडतं, आणि एफटीपीत मात्र ते सगळ्यात वरचं फोल्डर असल्यासारखं दिसतं, कारण त्या खात्याला त्याच्या वर जाताच येत नाही. संशय आला तर सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमधून पाहा. तिथे अख्खं घर दिसतं.

एकाच होस्टिंगवर दोन डोमेन असतील तर प्रत्येकाचं मूळ फोल्डर वेगळं असतं. सीपॅनलच्या 'डोमेन्स' या पानावर डोमेनच्या नावासमोर 'डॉक्युमेंट रूट' लिहिलेला असतो. तो वाचा. अंदाज बांधू नका.

४. झिपमधलं घरात घर

सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमधून फोल्डर चढवता येत नाही, फाइलीच चढतात. म्हणून झिप करून चढवायचं आणि तिथे 'एक्स्ट्रॅक्ट' करायचं हा रिवाज. चांगला रिवाज आहे, शेकडो फोटोंना एफटीपीपेक्षा कितीतरी जलद.

फक्त झिप बाहेरून करू नका. 'कुलवृत्तांत' या फोल्डरवर उजवी टिचकी मारून झिप केलं की सर्व्हरवर उघडताना पब्लिक_एचटीएमएलच्या आत 'कुलवृत्तांत' आणि त्याच्या आत खरी वेबसाइट अशी उतरंड तयार होते. पान मागतं 'फोटो', फोटो असतात 'कुलवृत्तांत'च्या पोटात. फोल्डरच्या आत जा, कंट्रोल-ए करून सगळं निवडा, आणि त्या निवडीचं झिप करा. चूक होऊन गेली असेल तर पुन्हा चढवायची गरज नाही. फाइल मॅनेजरमध्ये आतलं सगळं निवडून 'मूव्ह' करा.

मॅकवर केलेल्या झिपमधून '__मॅकओएसएक्स' नावाचं एक आगंतुक फोल्डर निघतं. ते खुशाल पुसा. चढवलेलं झिपही काम झालं की पुसा, नाहीतर पत्ता ठाऊक असलेला कोणीही अख्खी वेबसाइट उतरवून घेईल.

५. एफटीपी: अर्ध्या वाटेत राहिलेलं

फाइलझिलाच्या खिडकीत अगदी खाली तीन टॅब असतात. मधल्याचं नाव 'फेल्ड ट्रान्स्फर्स'. मी पहिले कित्येक महिने तिकडे पाहिलंच नव्हतं. वीज गेली, नेट दोन मिनिटं तुटलं, सर्व्हरने एकदम इतक्या जोडण्या नाकारल्या, की ज्या फाइली राहिल्या त्या गुपचूप तिथे जमा होतात. तिथे उजवी टिचकी मारून 'रिसेट अँड रीक्यू ऑल' निवडा आणि पुन्हा रांग सुरू करा. सारखंच अडत असेल तर सेटिंग्जमध्ये एका वेळच्या ट्रान्स्फरची संख्या एकवर आणा. हळू जाईल, पण जाईल.

राहिलेलं काय ते डोळ्यांनी शोधू नका. 'व्ह्यू' मेनूत 'डिरेक्टरी कंपॅरिझन' आहे. ती सुरू केली की डावीकडचं घर आणि उजवीकडचा सर्व्हर समोरासमोर येतात आणि फरक रंगाने दिसतो. आकारमानावरून तुलना करायला सांगा, तारखेवरून केली तर बहुतेक सगळंच रंगीत दिसेल.

कधी कधी फोल्डर पोचलेलं असतं, फाइलझिलाच ते दाखवत नाही. तीन कारणं. एक, 'व्ह्यू' मेनूतल्या फिल्टरमध्ये कसली तरी खूण राहून गेली आहे, सगळ्या काढा. दोन, टिंबाने सुरू होणारी नावं: 'सर्व्हर' मेनूत 'फोर्स शोइंग हिडन फाइल्स' चालू करा. आणि तीन, एकाच फोल्डरात हजारो फाइली. सर्व्हर यादी ठरावीक संख्येवर तोडतो, त्यापुढचं आहे पण दिसत नाही. आमचे सगळे फोटो आम्ही वर्षवार फोल्डरांत वाटले, तेव्हापासून हा त्रास गेला.

संदेशांच्या चौकटीत ५५० आकडा आणि 'परमिशन डिनाइड' दिसलं तर त्या जागी लिहायचा तुमच्या खात्याला हक्क नाही. बहुतेक वेळा तुम्ही पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर उभे असता. तिसरी पायरी पुन्हा वाचा.

६. नाव एक, रूपं दोन

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही ती पायरी. फोल्डर सर्व्हरवर आहे, जागा बरोबर आहे, तरी ४०४. म्हणजे नाव जुळत नाही.

सगळ्यात सामान्य कारण रोमन लिपीतली मोठी-छोटी अक्षरं. विंडोज आणि मॅक नेहमीच्या मांडणीत मोठा पी आणि छोटा पी यांत भेद करत नाहीत. बहुतेक सर्व्हर लिनक्सचे, आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. तुमच्या संगणकावर फोल्डर 'फोटोज' मोठ्या पीने आणि पानात पत्ता छोट्या पीने, तर घरी चालेल, सर्व्हरवर नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींचं शेपूटही असंच: 'जेपीजी' सगळं मोठ्या अक्षरांत असतं आणि पानात आपण छोट्यांत लिहितो. यावर घाईघाईने घरी नाव बदलून पुन्हा चढवलंत, तर सर्व्हरवर दोन्ही फोल्डरं तयार होतील, जुने फोटो एकात, नवे दुसऱ्यात. आधी सर्व्हरवरच्या फोल्डराचं नाव बदला, मग नव्याने चढवा.

रिकाम्या जागा आणि नावाच्या शेवटी चुकून राहिलेली एखादी मोकळी जागा यांचाही असाच ताप. दिसत नाही आणि छळते.

आता कऱ्हाड. आमची फोल्डरं देवनागरी नावांची होती: पुणे, सातारा, इंदूर, बडोदा, कऱ्हाड, वऱ्हाड. न दिसणाऱ्या दोन्हींत समान काय होतं? ऱ. अर्धचंद्रासारखा लिहायचा तो आपला खास मराठी र.

हा ऱ संगणकात एकाहून अधिक प्रकारांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर. दोन, साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे ठिपका. तीन, साधा पाय मोडलेला र आणि मागोमाग एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर डोळ्याला काही फरक कळत नाही. मी वापरत होतो तो जुना मॅक. त्याची फाइल व्यवस्था, एचएफएस प्लस, नाव साठवताना पहिला प्रकार फोडून दुसऱ्या प्रकारात ठेवते, आणि शोधताना दोन्ही एकच मानते. म्हणून माझ्याकडे सगळं उघडत होतं. झिपमध्ये नाव फोडलेल्या रूपात गेलं, लिनक्सने ते तसंच्या तसं ठेवलं. पानातल्या दुव्यात मात्र मी कीबोर्डवरून टंकलेला एकसंध ऱ होता. लिनक्स बाइट मोजतो, अक्षरं वाचत नाही. त्याच्या लेखी कऱ्हाड नावाचं गाव दोनदा होतं आणि मी भलत्याचाच पत्ता विचारत होतो.

तुमचंही असंच आहे का हे पाहायला पहिल्या पायरीत उतरवलेला पत्ता घ्या. देवनागरी नाव तिथे बहुधा टक्क्याच्या खुणांच्या सांकेतिक रूपात दिसतं. एकसंध ऱ असेल तर ई०, ए४, बी१ असे तीन तुकडे. फोडलेला असेल तर ई०, ए४, बी० आणि पुढे ई०, ए४, बीसी असे सहा. त्याहून सोपं: सर्व्हरच्या फाइल मॅनेजरमधून फोल्डराचं नाव कॉपी करून पानातल्या दुव्यात जसंच्या तसं चिकटवा. चाललं, तर चोर सापडला.

ॲ चंही तेच, किंबहुना जास्तच वाईट. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, २००८ साली आलं. त्याआधी सगळे अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि अजून कितीतरी कीबोर्ड तसंच करतात. या दोघांना युनिकोडही एक मानत नाही, त्यामुळे मॅकची ती सोयही इथे उपयोगी पडत नाही. 'ॲल्बम' नावाचं फोल्डर असेल तर आधी इथेच बघा.

आणखी एक, देवनागरी नावांपुरतं. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त तीन बाइट खातो. म्हणजे ८५ चिन्हं. 'श्रीक्षेत्र अमुक येथील कुलदेवतेच्या जीर्णोद्धार समारंभाची छायाचित्रं' असं ऐसपैस नाव देऊन पुढे गाव, साल आणि यजमानांची नावंही जोडत ८५ च्या पार गेलात, तर विंडोजवर बसेल आणि सर्व्हर नाकारेल.

माझं मत सांगतो, पटेल न पटेल. पत्त्यात देवनागरी चालते. मराठी विकिपीडियाचे सगळे पत्ते देवनागरीतच आहेत आणि ते बघून अभिमानही वाटतो. पण तिथे नावं सांभाळायला यंत्रणा आहे, माझ्याकडे मी एकटा. म्हणून पानावरचं शीर्षक, मजकूर, मेनू, सगळं मराठीत, आणि फोल्डरांची नावं छोट्या रोमन अक्षरांत, मधे आडवी रेघ, मोकळी जागा नाही. काकांना पानावर ठसठशीत 'कऱ्हाड शाखा' दिसते, पत्त्यात काय आहे ते त्यांनी कधी पाहिलेलंही नाही.

७. गिटहब पेजेसवर असाल तर

फुकट आहे म्हणून हल्ली पुष्कळ जण इथूनच सुरुवात करतात. इथे फोल्डर हरवायच्या वाटा निराळ्या.

गिट रिकामं फोल्डर नेतच नाही, कारण ते फक्त फाइलींची नोंद ठेवतं. फोल्डर हवंच असेल तर आत एक नाममात्र फाइल ठेवा, तिला '.गिटकीप' म्हणायची पद्धत आहे. गिटला त्या नावाचं काही विशेष नाही, कुठलीही फाइल चालते.

'.गिटइग्नोर' उघडून पाहा. दुसऱ्याकडून घेतलेल्या साच्यात 'डिस्ट', 'बिल्ड', 'व्हेंडर' अशी नावं आधीच लिहिलेली असतात, आणि तुमची तयार वेबसाइट नेमकी 'डिस्ट'मध्ये असते. कुठला नियम आडवा येतोय हे 'गिट चेक-इग्नोर' ही आज्ञा डॅश-व्ही लावून त्या फाइलचा पत्ता दिला की ओळ क्रमांकासकट सांगते. काय काय नोंदलं गेलंय ते 'गिट एलएस-फाइल्स' दाखवते.

खालच्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोअरने, सुरू होणारी फोल्डरं. फोल्डर गिटहबवर दिसतं, वेबसाइटवर नाही, आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. गिटच्या फांदीवरून (ब्रँचवरून) थेट प्रसिद्ध केलं तर गिटहब पेजेस फाइली आधी जेकिल नावाच्या साधनातून काढतं, आणि जेकिल अंडरस्कोअरने सुरू होणारी फोल्डरं आपली खासगी समजून वगळतं. '_स्टॅटिक' आणि '_नेक्स्ट' ही याची नेहमीची गिऱ्हाइकं. उपाय एका ओळीचाही नाही: मुळाशी '.नोजेकिल' नावाची रिकामी फाइल ठेवा. संपलं.

फोल्डरावर बाणाची खूण आहे आणि टिचकी मारून आतल्या फाइली उघडत नाहीत? त्या फोल्डराच्या आत आणखी एक '.गिट' दडलेलं आहे, बहुधा दुसरीकडून क्लोन करून, म्हणजे गिटने अख्खी प्रत उतरवून, आणल्यामुळे. आतलं '.गिट' काढून टाका, मग बाहेरच्या गिटमधून त्या फोल्डरची नोंद 'गिट आरएम' ने डॅश-डॅश-कॅश्ड लावून काढा आणि पुन्हा 'गिट ॲड' करा.

ब्राउझरमधून ओढून टाकत असाल तर एका वेळी १०० फाइली आणि प्रत्येक फाइल २५ एमबीपर्यंत, एवढीच सोय आहे. लग्नाच्या ३०० फोटोंचं फोल्डर एकदम ओढाल तर नाही म्हणेल. तुकडे करा, किंवा गिट शिका.

नाव बदलताना फक्त मोठं-छोटं अक्षर बदललंत तर विंडोजवरच्या गिटला तो बदल कळतच नाही. 'गिट एमव्ही' दोनदा वापरा: आधी काहीतरी तिसरंच नाव, मग हवं ते.

शेवटचा, आणि मला वाटतं सर्वाधिक लोकांना नडणारा: पत्त्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ. गिटहबवर प्रकल्पाची वेबसाइट डोमेनच्या मुळाशी नसते, प्रकल्पाच्या नावाच्या एका पायरी खाली असते. पानात चित्राचा पत्ता स्लॅशने सुरू केलात तर ब्राउझर थेट डोमेनच्या मुळाशी जाऊन 'फोटो' शोधतो. सुरुवातीची रेघ काढा. आणि बदल दिसायला दहा मिनिटांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात पाच वेळा उलटसुलट बदलू नका.

८. पोचलं, नावही जुळतं, तरी नाही

परवानग्या. फाइलझिलात फोल्डरवर उजवी टिचकी, 'फाइल परमिशन्स'. फोल्डरला ७५५, फाइलीला ६४४. कोणी सांगेल की ७७७ करून टाक, चालतं. करू नका. ते म्हणजे किल्ली हरवते म्हणून दाराची कडीच काढून ठेवणं, आणि काही सर्व्हर ७७७ पाहून उलट ५०० ची चूक देतात.

फोल्डराचं नाव 'आयकॉन्स' असेल तर बदला. अपाचे सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत मुळाशी असलेला 'आयकॉन्स' हा पत्ता त्याच्या स्वतःच्या चित्रांसाठी राखलेला असतो. तुमचं फोल्डर तिथे आहे, फाइल मॅनेजरमध्ये दिसतं, पण बाहेरून मागितलं की अपाचे स्वतःच्या कपाटात शोधतो.

मंडळाच्या स्मरणिकेची वेबसाइट करणाऱ्यांसाठी खास: जाहिरातींच्या चित्रांचं फोल्डर 'ॲड्स' किंवा 'बॅनर' या नावाने ठेवू नका. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन ज्यांच्या ब्राउझरमध्ये आहे, त्यांना ते दिसणारच नाही. नेटवर्क टॅबमध्ये अशा ओळीसमोर ४०४ नसतो, 'ब्लॉक्ड' लिहिलेलं असतं. देणगीदाराला हे समजावण्यापेक्षा फोल्डराला 'हितचिंतक' असं काहीतरी नाव रोमनमध्ये द्या.

९. होस्टिंगवाल्यांना विचारताना

"माझं फोल्डर दिसत नाही" एवढंच लिहिलंत तर उत्तर येतं, "कॅश साफ करून पाहा." मी तीन दिवस तेच उत्तर घेतलं. त्याऐवजी एकाच निरोपात हे लिहा: रिक्वेस्ट यूआरएल पूर्ण, जसाच्या तसा. मिळालेला आकडा, ४०४ की ४०३. फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर जिथे दिसतं तो पूर्ण मार्ग. कोणत्या वेळी पाहिलं. मोबाइलच्या डेटावरून पाहूनही तेच आलं का. सोबत नेटवर्क टॅबचा आणि फाइल मॅनेजरचा, असे दोन स्क्रीनशॉट. पासवर्ड मात्र निरोपात लिहू नका, कोणी मागितला तरी.